लिथॉप्सची पानं सुकतात तेव्हा

ताई, आधी हातातली झारी खाली ठेवा. तुमचं झाड मरत नाहीये.

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात पुन्हा लिहितो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. ऑक्टोबरात तुम्ही नर्सरीतून ‘स्टोन प्लांट’ आणलं. नोव्हेंबरात त्याला पिवळं फूल आलं. आता फेब्रुवारीत दोन्ही पानं सुरकुतून बाहेर कलली आहेत, मधली भेग फाकली आहे आणि आत काहीतरी तपकिरी, टणक दिसतंय. पाणी वाढवलं तरी पानं फुगत नाहीत. झाड कुजतंय का, आणखी पाणी द्यायचं का, आणि या झाडाचं नीट शास्त्रीय वर्णन मराठीत कोणी सांगेल का, असे तुमचे तीन प्रश्न. मी शेवटच्यापासून सुरुवात करतो, कारण ते वर्णन कळलं की पहिले दोन प्रश्न उरत नाहीत. बावीस वर्षं पुण्यात गच्चीवर ही झाडं वाढवतोय आणि त्यातली पहिली पाच वर्षं मी ती बहुतेक मारलीच. पुस्तकातले पाण्याचे नियम पाठ होते, पण झाडाची रचना समजून घेतली नव्हती.

तुमचं झाड लिथॉप्स. ‘लिथोस’ म्हणजे ग्रीकमध्ये दगड आणि ‘ऑप्स’ म्हणजे चेहरा. कुळ एझोएसी. हे कुळ आपल्याला अगदीच परकं नाही. शेताच्या बांधावर पसरणारा खापरा, ज्याला काही जण वसू किंवा श्वेत पुनर्नवा म्हणतात, तो याच कुळातला. कोकणात खाडीकाठी मांसल पानांचा धापा दिसतो, तोही याच गोतावळ्यातला. पण लिथॉप्सचं घर आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला आहे: नामिबिया, दक्षिण आफ्रिका आणि बोत्स्वानाचा एक छोटासा कोपरा. जगात दुसरीकडे कुठेही हे आपोआप उगवत नाही. साधारण ३७-३८ जाती मानल्या जातात. एखाद-दुसऱ्या आकड्यावर अभ्यासकांचं भांडण चालूच असतं, ते सोडून द्या.

आता झाड हातात घ्या आणि बघा. तुम्हाला दिसतोय तो भोवऱ्यासारखा गोळा, वरून सपाट, खाली निमुळता, मधोमध एक भेग. हा गोळा म्हणजे एकमेकांना चिकटलेली दोन पानं. एवढंच झाड. खोड आहे, पण पानं आणि मूळ यांच्यामध्ये दडलेलं, काही मिलिमीटरचं. त्याच्या खाली सोटमूळ, आणि त्याला बारीक तंतुमुळं. म्हणजे वर्षभर या झाडाकडे फक्त दोन पानं असतात, तिसरं नाही. आंब्याची दहा पानं गळली तर आंब्याला पत्ताही लागत नाही. इथे एक पान गेलं तर अर्धं झाड गेलं. हे डोक्यात पक्कं बसू द्या.

मूळ ठिकाणी या भोवऱ्याचा बहुतेक भाग जमिनीत गाडलेला असतो आणि फक्त वरचा सपाट माथा मातीच्या पातळीला उघडा राहतो. कोरड्या दिवसांत झाड इतकं आकसतं की वाऱ्याने आलेली वाळू त्याच्यावर बसते आणि मग ते शोधून सापडत नाही. आफ्रिकान्स भाषेत याला गुरांच्या खुरावरून नाव पडलंय, आणि दोन फाकलेली पानं बघितली की ते नाव किती नेमकं आहे ते पटतं. चिखलात उमटलेला बैलाचा खूर आठवा.

पण जमिनीत गाडलेल्या पानाला ऊन मिळणार कसं? इथे या झाडाची खरी गंमत आहे. पानाचा माथा नीट निरखा. त्यावर काही ठिकाणी अपारदर्शक ठिपके, बेटांसारखे दिसतील, आणि त्यांच्या मधल्या भागात काहीसा काचेसारखा, ओलसर वाटणारा रंग असेल. तो काचेसारखा भाग म्हणजे खिडकी. तिच्या खाली पाणी साठवणाऱ्या मोठ्या, रंगहीन पेशी असतात. हरितद्रव्य माथ्यावर जवळजवळ नसतंच, ते गोळ्याच्या आतल्या भिंतींना अस्तरासारखं लावलेलं असतं. ऊन खिडकीतून शिरतं, पाण्याने भरलेल्या पेशींतून गाळून, पसरून खाली उतरतं आणि बाजूच्या हिरव्या अस्तरावर पडतं. जुन्या वाड्यात माजघराला खिडकी नसते आणि छपरातल्या काचेच्या कौलातून उजेड येतो, तसं. लिथॉप्स ऑकॅम्पिए या जातीवर २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं, की एकाच पानाचा जमिनीवरचा भाग कडक उन्हाला सरावलेल्या झाडासारखा वागतो आणि जमिनीखालचा भाग सावलीतल्या झाडासारखा. म्हणून यातला अर्धा भाग सावलीचा जीव आहे. कोणी ‘हे वाळवंटी झाड, भर दुपारच्या उन्हात ठेवा’ असं म्हटलं तर ऐकू नका, विशेषतः प्लास्टिकच्या काळ्या कुंडीत, जिथे झाडाची बाजूही उघडी असते आणि मुळंही भाजतात.

माथ्यावरचे लालसर-तपकिरी ठिपके आणि रेघोट्या यांवरूनही जाती ओळखतात. रंग आजूबाजूच्या दगडांशी जुळतो. ऑकॅम्पिए लोहखनिजाच्या, गंजलेल्या तांबूस दगडांत वाढते आणि स्वतःही तशीच विटकरी असते. दक्षिण आफ्रिकेतल्या पोस्टमासबर्गजवळच्या एका शेतावर १९२९ साली ती शेतमालकाच्या मुलीला, जुआनिता ऑकॅम्पला, सापडली आणि तिचंच नाव जातीला मिळालं. लिथॉप्स सॅलिकोला मिठागरांच्या कडेला वाढते, राखाडी असते. काही जाती पांढऱ्या गारगोटीत वाढतात आणि तशाच फिकट असतात. म्हणूनच निसर्गवेडा विल्यम बर्चेल १८११ साली ऑरेंज नदीकाठच्या प्रीस्काजवळ विचित्र आकाराचा दगड म्हणून काहीतरी उचलायला गेला आणि हातात झाड आलं. युरोपीय विज्ञानाला लिथॉप्सची ओळख झाली ती अशी. गंमत म्हणजे ते झाड नक्की कोणत्या जातीचं होतं याबद्दल आजही खात्री नाही. त्याने चित्र काढलं, पण त्यातून ते ठरत नाही. पुढे शंभरहून जास्त वर्षांनी, १९२२ साली, लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानातले वनस्पतिशास्त्रज्ञ एन. ई. ब्राऊन यांनी लिथॉप्स ही स्वतंत्र प्रजाती, म्हणजे जवळच्या जातींचा गट, वेगळी काढली. तोवर हे सगळं मेसेम्ब्रिॲन्थेमम नावाच्या एका अवाढव्य गाठोड्यात कोंबलेलं होतं.

लेबलवर कधी ‘सी’ आणि पुढे आकडा दिसला तर तो कोल क्रमांक. डेस्मंड कोल हे जोहान्सबर्गला आफ्रिकी भाषांचे प्राध्यापक, त्स्वाना भाषेच्या व्याकरणाचे अभ्यासक. ते आणि पत्नी नॉरीन यांनी रानातल्या सुमारे ४०० वसाहतींची नोंद करून प्रत्येकीला क्रमांक दिला. क्रमांक असलेलं रोप म्हणजे त्याच्या बियांची वंशावळ एखाद्या खऱ्या डोंगरापर्यंत पोचते. भाषेचा माणूस दगडांची वर्गवारी करत हिंडला, हे मला फार आवडतं. बोलीभाषेत शब्दाचा एखादा स्वर गावागणिक बदलतो आणि या झाडाच्या माथ्यावरची नक्षी टेकडीगणिक, म्हणजे काम तसं ओळखीचंच झालं.

फुलाकडे या. तुमच्याकडे पिवळं आलं. लिथॉप्सच्या बहुतेक जातींत फूल पिवळं किंवा पांढरं असतं. व्हेरुक्युलोसा नावाची एक जात त्याला अपवाद, तिच्यात नारिंगी-गुलाबी छटा येतात. फूल भेगेतून येतं, दुपारी उमलतं, संध्याकाळी मिटतं, आणि असं बरेच दिवस चालतं. बघायला शेवंतीसारखं वाटतं, पण शेवंतीचं ‘फूल’ म्हणजे शेकडो छोट्या फुलांचा गुच्छ असतो. हे एकच फूल आहे. आणि त्याच्या त्या अनेक चकचकीत पाकळ्या खऱ्या अर्थाने पाकळ्या नाहीतच, ते रूप पालटलेले वंध्य पुंकेसर आहेत. आत पिवळ्या, खऱ्या पुंकेसरांचा झुपका असतो.

बी हवं असेल तर एका झाडावर भागणार नाही. लिथॉप्सच्या जवळजवळ सगळ्या जातींना स्वतःचाच पराग चालत नाही. एकाच जातीची दोन वेगळी झाडं एकाच वेळी फुललेली लागतात. ‘माझ्या कुंडीत दोन डोकी, म्हणजे दोन गोळे, आहेत’ असं पुष्कळ जण सांगतात. एकाच मुळावरची दोन डोकी म्हणजे एकच झाड, त्याचा उपयोग नाही. बारीक ब्रशने दुपारी तीन-चारच्या सुमारास पराग फिरवायचा.

फळ म्हणजे एक छोटं, टणक बोंड. ते कोरडं असताना घट्ट मिटलेलं असतं. त्यावर पाण्याचे दोन थेंब टाका आणि बघत बसा. काही मिनिटांत ते चांदणीसारखं उलगडतं, आत कप्पे दिसतात, पुढचा थेंब पडला की बी उडून आसपास शिंपडली जाते. वाळलं की पुन्हा मिटतं. तिळाची बोंडं वाळली की तडकतात, हे बोंड पावसात उघडतं. जिथे पावसाचा भरवसा नाही तिथे बी जमीन ओली झाल्यावरच टाकलेली बरी. माझ्या भाचीला मी हे बोंड दाखवलं तेव्हापासून ती घरी आली की आधी ‘चांदणी’ मागते.

आता तुमच्या सुकणाऱ्या पानांकडे. फूल येऊन गेलं की गोळ्याच्या आत, जुन्या दोन पानांच्या पोटात, पुढच्या वर्षाची दोन पानं तयार होऊ लागतात. ती बहुधा जुन्या पानांच्या काटकोनात असतात, म्हणून भेगेची दिशा पालटलेली दिसेल. ही नवी पानं वाढण्यासाठी लागणारं पाणी आणि पोषण मुळांकडून नाही, जुन्या पानांतून घेतात. जुनी पानं ही त्यांची शिदोरी आहे. ती हळूहळू रिकामी होते, सुरकुतते, शेवटी पातळ कागदासारखी होऊन नव्या गोळ्याभोवती चिकटून बसते. तुम्हाला भेगेत जे तपकिरी, टणक दिसतंय ते हेच नवं झाड.

आणि तुम्ही पाणी वाढवलंत तेव्हा काय झालं? झाडाला बाहेरून फुकट पाणी मिळायला लागलं, मग शिदोरी सोडायची गरजच उरली नाही. जुनी पानं भरलेली राहतात, नवी त्यांच्यामध्ये दाबली जातात, पुढच्या वर्षी तिसरी जोडी येते आणि झाड बुजगावण्यासारखं उभं वाढतं. माझ्याकडे सुरुवातीला असा एक तीन मजली नमुना होता. मी तो अभिमानाने लोकांना दाखवायचो. जूनमध्ये तो खालच्या मजल्यापासून नासला. न वापरलेली शिदोरी पावसाळ्यात अशीच नासते.

तर आत्ता पाणी बंद. जुनी पानं बोटाने दाबली की कुरकुरीत वाजली पाहिजेत, तोवर एक थेंबही नाही. तुमच्याकडे हे मार्चअखेर किंवा एप्रिलमध्ये होईल. तोवर नवं झाड सुरकुतलं तरी घाबरू नका. पानं हाताने ओढून काढू नका, नव्या पानांची साल फाटते. कुजणं ओळखायचं कसं? सुकणारं पान कोरडं, चामड्यासारखं आणि घट्ट असतं. कुजणारं पान पारदर्शक, मऊ आणि बुडाशी पिवळट-तपकिरी होतं, बोट लावलं की आत जातं, वासही येतो. तुम्ही लिहिलेल्या वर्णनात यातलं काही नाही.

बाकी वर्षभराचं पाणी आता तुम्हीच ठरवू शकाल, पण आपल्या हवेची एक अडचण सांगतो. बरेच जण म्हणतात की महाराष्ट्रात पाऊस फार, म्हणून लिथॉप्स टिकत नाही. लिथॉप्स लेस्लिआय ही जात जोहान्सबर्ग-प्रिटोरियाच्या परिसरात रानात वाढते. जोहान्सबर्गचा वर्षाचा पाऊस साधारण ७०० मिलिमीटर, पुण्याचाही त्याच्याच जवळपास, आणि दोन्हीकडे पाऊस हिवाळ्यात नाही, वर्षाच्या उष्ण अर्ध्यात पडतो. मग फरक कुठे? तिकडे दुपारी गडगडाट होऊन सर येते, दुसऱ्या दिवशी सकाळी स्वच्छ ऊन असतं, आणि शहर समुद्रसपाटीपासून सतराशे मीटरच्या आसपास असल्याने रात्र गार असते. आपल्याकडे जुलैत आठ-आठ दिवस ढग हटत नाहीत आणि मातीला वाळायची संधीच मिळत नाही. झाडाला पाऊस मारत नाही, न वाळणारी माती मारते. म्हणून नव्या माणसाने लेस्लिआय आणि ऑकॅम्पिए या दोनच जातींपासून सुरुवात करावी असं माझं स्पष्ट मत आहे. लाल रंगाच्या ऑप्टिका रुब्रासाठी लोक वाट्टेल ते पैसे देतात. ऑप्टिका ही जात नामिबियातल्या ल्युडरिट्झच्या किनाऱ्याकडची, हिवाळी पावसाची आणि समुद्री धुक्याची. पुण्यातला मे महिना तिला सोसत नाही. मी तीनदा आणली, तीनदा गेली, आता नाद सोडला.

उन्हाळ्याचं कारणही रचनेतच आहे. घायपात किंवा अननसाप्रमाणे लिथॉप्स पर्णरंध्रं रात्री उघडतो, कार्बन डायऑक्साइड आत घेऊन आम्लाच्या रूपात साठवतो आणि दिवसा रंध्रं बंद ठेवून त्यातून अन्न बनवतो. रात्र गार असेल तर हा व्यवहार नीट चालतो. मेमध्ये रात्रीही उकडत असतं, तेव्हा झाड जवळजवळ दुकान बंद करून बसतं. अशा वेळी भरपूर पाणी घातलं तर ते पिणारं कोणी नसतं. एप्रिल-मेमध्ये मी संध्याकाळी उशिरा, झाडं फारच आकसली तर, कडेने चमचाभर पाणी देतो, पुरे. पावसाळ्यात वर पारदर्शक पत्रा, चारी बाजूंनी वारा मोकळा, आणि पाणी जवळजवळ नाहीच. सलग दोन-तीन दिवस ऊन पडलं आणि झाड सुरकुतलेलं असेल तरच थोडं. खरे पाण्याचे दिवस म्हणजे सप्टेंबरअखेर ते डिसेंबर. तेव्हा मनसोक्त द्या, कुंडीतून खाली येईपर्यंत, मग माती पूर्ण वाळू द्या. आणि द्यायचं की नाही हे सकाळी झाडाची कड बघून ठरवा, कॅलेंडर बघून नाही. कड गुळगुळीत फुगलेली असेल तर पाणी नको.

नर्सरीतून आलेलं झाड बहुधा कोकोपीटमध्ये असतं. ते मात्र बदला, पण आत्ता नको. सप्टेंबरात. काळी माती, शेणखत, गांडूळखत यांचं नावही काढू नका. चाळलेला विटांचा चुरा, धुतलेली जाड वाळू आणि दोन ते पाच मिलिमीटरची बारीक खडी, यात अगदी मूठभर जुनं पानांचं खत. कुंडी किमान दहा सेंटिमीटर खोल, सोटमुळासाठी. वरून खडीचा थर द्या, पण झाडाची मान कुंडीत ओली राहणार नाही इतकाच. मूळ सोडवताना त्यावर कापसासारखं पांढरं दिसलं तर तो मुळांवरचा पिठ्या ढेकूण. मुळं धुऊन, दोन-तीन दिवस सावलीत वाळवून मगच लावा.

तुमच्याकडे आहे ते लिथॉप्सच आहे ना, हेही बघून घ्या, कारण नर्सऱ्यांत सगळं ‘स्टोन प्लांट’ नावाने खपतं. भेग माथ्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत आरपार जात असेल तर बहुधा लिथॉप्स. भेग मधोमध छोट्या तोंडाएवढीच असेल तर कोनोफायटम, त्याच्या फुलाच्या पाकळ्या खाली जुळून नळी झालेली असते. पानं जाडजूड, ठिपकेदार, लिंबाएवढी आणि एकाच वेळी दोन जोड्या असतील तर प्लायोस्पायलोस. त्याचं पाणी-वेळापत्रक थोडं वेगळं असतं.

बी पेरायचा मोह झाला तर ऑक्टोबरात पेरा. बी धुळीएवढी असते, झाकायची नाही, आठवड्या-दहा दिवसांत बारीक हिरवे मणी दिसतात. पण ऑनलाइन निळ्या, जांभळ्या, गडद गुलाबी लिथॉप्सच्या बिया विकतात त्या घेऊ नका. मी एकदा हौसेने घेतल्या होत्या. तीन आठवड्यांनी जे उगवलं ते घोळीसारखं गवत निघालं. निळा लिथॉप्स जगात नाही. आणि कोणी ‘थेट आफ्रिकेतून आणलेली’ मोठी झाडं स्वस्तात देऊ केली तर तीही नको. दक्षिण आफ्रिका आणि नामिबियात परवान्याशिवाय रानातून हे उपटायला बंदी आहे, आणि तिथल्या रसाळ झाडांची चोरी गेल्या काही वर्षांत भयंकर वाढली आहे. बियांपासून वाढवलेली झाडं आपल्याकडे मिळतात. पहिलं फूल यायला तीन ते पाच वर्षं लागतात, एवढंच.

तुमची कुंडी आत्ता पूर्वेच्या ग्रिलमध्ये आहे असं लिहिलंय. तिथेच राहू द्या, सकाळचं चार तास ऊन पुरे. जुनी पानं कागदी झाली की एक फोटो पाठवा. एकाऐवजी दोन डोकी निघाली असतील, असा मला तुम्ही पाठवलेल्या फोटोतल्या भेगेच्या रुंदीवरून संशय आहे.